सुट्टीतील मजुरी आणि किशोरांचा किमान वेतनाचा हक्क



ज्या १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू झाला आणि उन्हाळ्याच्या दिवसांत जाणत्यांनी लोकांपुढे येऊन बोलावे व लोकांनी ते शांतपणे ऐकून घ्यावे अशी एक उत्तम चाल महाराष्ट्रात पडली, त्याच साली मुंबई सरकारने कापडगिरण्यांतील कामकऱ्यांच्या, विशेषतः बायकामुलांच्या, स्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची मला हौसही नाही. तथापि ज्यांच्या स्मृत्यर्थ आजचे व्याख्यान योजिले आहे त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे कर्तृत्व पाहू गेल्यास या दोन्ही प्रवाहांचा संगम तेथे झालेला दिसतो, कारण सभा भरविणे, भाषणे करणे आणि सरकारकडे सह्यांचे अर्ज पाठविणे ही जी साधने तोवर केवळ सुशिक्षितांच्या हाती होती, ती त्यांनी गिरणीतल्या माणसाच्या हाती दिली. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने जो अर्ज तयार झाला त्यावर ५,५०० कामकऱ्यांच्या सह्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे, कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार चालू राहावा आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा, अशा त्यातील मागण्या होत्या. पगार केव्हा द्यावा एवढेच त्या अर्जात मागितले होते, किती द्यावा हे मागण्याचे धाडस त्यात केलेले नव्हते. आजचा माझा विषय त्या न मागितलेल्या मागणीचा, आणि त्यातही ती मागणी ज्यांच्या वतीने अद्याप कोणी नेटाने मांडीत नाही अशा एका वर्गाचा आहे.

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की मध्यमवर्गीय मनाला आमराई, पत्त्यांचे डाव आणि दुपारची झोप आठवते. परंतु दहावीचा किंवा अकरावीचा शेवटचा पेपर टाकून दुसऱ्याच दिवशी कामाला लागणारी मुले या राज्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. लग्नसराईत बुफेच्या टेबलामागे दुसऱ्याच्या मापाचा पांढरा सदरा घालून उभा असलेला वाढपी, रसवंतीगृहात चरकाशेजारी पेले विसळणारा मुलगा, देवगड-रत्नागिरीकडे हापूस निवडून पेटीत भरणारी मुलगी, जूनच्या तोंडावर वह्यांचे गठ्ठे फोडण्यासाठी पुस्तकांच्या दुकानात घेतलेला पोरगा, मंडपवाल्याच्या टेंपोत बांबूंवर बसून जाणारे दोघे-तिघे, माथेरान-महाबळेश्वरच्या खाणावळींत हंगामापुरते ठेवलेले गडी, हे सारे चौदा ते अठरा या वयातले असतात. यांना रोज काय देता असे मालकाला विचारले असता तो बहुधा आकडा सांगत नाही. ‘अजून शिकतोय’, ‘घरच्यासारखाच आहे’, ‘जेवूनखाऊन देतो चार पैसे’ अशी तीनपैकी एक कैफियत तो देतो. मालक दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. किंबहुना तो बहुधा मुलाच्या बापाच्या ओळखीचा, आणि आपण उपकारच करीत आहोत अशा प्रामाणिक समजुतीचा असतो, आणि म्हणूनच त्याच्या या तीन कैफियती नीट तपासणे अगत्याचे आहे.

आपल्या देशातील कारखानेविषयक कायद्यांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाचे काम नऊ तासांवर आणून ठेविले. १८९१ साली वयाची मर्यादा नऊ व कामाची मर्यादा सात तास झाली. १९२२ साली वय बारा आणि तास सहा झाले. १९३४ च्या कायद्याने पंधरा ते सतरा वर्षांच्या किशोरांचा वेगळा वर्ग प्रथमच निर्माण केला. आणि १९४८ साली वयाची अट चौदावर येऊन पोहोचली. सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतचे हे अंतर चालून जाण्यास सदुसष्ट वर्षे लागली, म्हणजे सुमारे दहा वर्षांत एक वर्ष या गतीने आपली करुणा पुढे सरकली. परंतु या साऱ्या प्रवासात मुलाचे वय मोजले गेले, तास मोजले गेले, त्याच्या प्रकृतीचा दाखलाही मागितला गेला. त्याच्या हातावर किती पैसे पडतात हे मात्र कोणी मोजले नाही. अपवाद करावयाचा तर १९३३ च्या, बालकांचे श्रम गहाण ठेवण्यास बंदी करणाऱ्या छोट्या कायद्याचा करावा लागेल. ज्या शाही श्रम आयोगावर आपले कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी सभासद होते, त्या आयोगाने १९३१ साली विडीच्या कारखान्यांत पाच-पाच वर्षांची मुले दहा-बारा तास राबून दोन आण्यांइतक्या अल्प मजुरीवर घरी जातात असे नमूद केले होते, आणि आईबापांनी उचल घेऊन मूल कामाला बांधून देण्याच्या रिवाजावरही बोट ठेविले होते. त्यानंतर झालेल्या या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलाच्या श्रमाचे गहाण रद्दबातल ठरविले. मात्र मुलाचे अहित न होता, वाजवी वेतनाखेरीज दुसरा मोबदला न घेता केलेला आणि आठवड्याच्या सूचनेने मोडता येणारा करार त्याने चालू ठेविला. वाजवी म्हणजे किती, याचा खुलासा कोठेही नव्हता.

आता थोडा वेळ समुद्रापलीकडे जाऊ, कारण किमान वेतनाच्या कल्पनेचा उगम जेथे झाला तेथे आपल्या विषयाचे मर्म सापडते. पुष्कळांची अशी समजूत असते की किमान वेतन ही कुटुंबवत्सल, कर्त्या पुरुष मजुरासाठी निघालेली गोष्ट असून पुढे औदार्याने तिचा विस्तार बायकामुलांपर्यंत झाला. इतिहास याच्या नेमका उलट आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने १८९६ साली जो कारखाने व दुकाने यांचा कायदा केला त्यात, वेतन ठरविणाऱ्या मंडळांच्या प्रसिद्ध तरतुदीबरोबरच, आठवड्यास किमान अडीच शिलिंग दिल्याखेरीज कोणासही कारखान्यात कामावर ठेवू नये असे एक कलम होते. अडीच शिलिंगांत प्रौढ माणसाचा निर्वाह होत नाही हे कायदा करणारांना ठाऊक होते. त्यांचा रोख शिवणकामाच्या कारखान्यांत ‘काम शिकविण्याच्या’ नावाखाली महिनोन्‌महिने फुकट राबविल्या जाणाऱ्या मुलींकडे होता. तीनच वर्षांनी, १८९९ साली, न्यूझीलंडने याच एका गोष्टीसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याचे नावच मुलामुलींना विनावेतन कामास लावण्यास प्रतिबंध करणारा कायदा असे ठेविले. अठरा वर्षांखालील मुलीस आठवड्याला निदान चार शिलिंग व मुलास पाच शिलिंग मिळालेच पाहिजेत असा त्याचा दंडक होता. अमेरिकेत किमान वेतनाचा पहिला प्रांतिक कायदा १९१२ साली मॅसॅच्युसेट्‌स संस्थानाने केला तो स्त्रिया आणि अल्पवयीन यांच्यापुरताच होता. आणि १९३७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ज्या निवाड्याने किमान वेतनाची वैधता कायमची मान्य केली, तो वॉशिंग्टन संस्थानातील एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या एल्सी पॅरिश नावाच्या बाईच्या फिर्यादीतून निघाला असला, तरी ज्या कायद्याचा तिने आधार घेतला तोही स्त्रिया व अल्पवयीन यांच्या संरक्षणासाठीच १९१३ साली झालेला होता. म्हणजे ‘अजून शिकतोय’ ही जी पहिली कैफियत आपण रसवंतीगृहाच्या मालकाकडून ऐकली, तिला उत्तर देण्यासाठीच जगातील किमान वेतनाच्या आरंभीच्या ओळी लिहिल्या गेल्या.

ज्यांच्या दुःखातून कायदा जन्मला त्यांनाच पुढे त्याच कायद्यात अपवाद करून बाजूस बसविण्यात आले, ही या इतिहासाची उत्तरपीठिका आहे. अमेरिकेने १९९६ साली असा नियम केला की वीस वर्षांखालील कामगारास कामाच्या पहिल्या सलग नव्वद दिवसांत ताशी सव्वाचार डॉलर दिले तरी चालतील. तेथील मध्यवर्ती किमान दर २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे, परंतु तरुणांचा हा दर जेथल्या तेथे राहिला आहे. काही संस्थानांचे स्वतःचे दर बरेच चढे आहेत हे खरे. तथापि नव्वद दिवसांची ही मुदत पाहा. तिचे समर्थन नवशिक्याची उमेदवारी म्हणून केले जाते, आणि शाळकरी मुलाची उन्हाळ्याची नोकरी तर नव्वद दिवसांच्या आतच संपते! ज्या मुदतीनंतर पूर्ण दर मिळावयाचा ती मुदत संपण्यापूर्वी शाळेची घंटा वाजते, आणि पुढील वर्षी दुसऱ्या मालकाकडे उमेदवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने आडपडदा न ठेवता शाळेच्या सुट्टीत काम करणाऱ्या अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी कमी दर वेगळा छापला आहे. ब्रिटनमध्ये १९९९ साली राष्ट्रीय किमान वेतन आले तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना त्यातून संपूर्ण वगळले होते. २००४ साली त्यांना ताशी तीन पौंडांचा दर मिळाला. आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांत एकवीस वर्षे पुरी झालेल्या माणसास १२ पौंड २१ पेन्स, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलास ७ पौंड ५५ पेन्स, म्हणजे शेकडा सुमारे बासष्ट, असे प्रमाण होते.

हा आकडा मी मुद्दाम सांगितला, कारण आपल्याकडेही असाच एक आकडा कायद्याच्या दप्तरात पडून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखात्याचे सभासद असताना, १९४६ च्या एप्रिलमध्ये, मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि त्याचा कायदा १९४८ साली झाला. त्या कायद्याने प्रौढ, किशोर, बालक आणि उमेदवार यांच्यासाठी निरनिराळे दर ठरविण्याची सरकारास मुभा दिली होती. त्या मुभेमागे कोणता विचार असावा याचा अंदाज करता येतो. ज्या काळी बारा वर्षांचे मूल कामावर असणे हे दुर्दैवी परंतु नित्याचे होते, त्या काळी त्याला काही तरी दर असणे हेच मोठे पाऊल वाटले असावे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मापे ठरविली तेव्हा एका मिळवत्यामागे तीन उपभोग-एकके धरली, माणशी २,७०० उष्मांकांचा आहार आणि कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड गणले, आणि स्त्रिया, बालके व किशोर यांची कमाई हिशेबात धरू नये असे स्पष्ट म्हटले. हा निर्णय अत्यंत शहाणपणाचा होता, कारण पोराच्या मिळकतीकडे बोट दाखवून बापाचा पगार कापण्याची वाट त्याने बंद केली. परंतु चांगल्या नियमाचाही अर्थ लोक सोयीने लावतात. घरखर्चाच्या हिशेबात जी कमाई धरावयाची नाही ती म्हणजे खाऊचे पैसे, आणि खाऊचे पैसे कितीही दिले तरी चालतात, असा तो अर्थ बाजारात रूढ झाला. पुढे १९९० साली शिवकाशीच्या काडेपेट्या-फटाक्यांच्या धंद्यासंबंधीच्या मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांना धोक्याच्या कामापासून दूर ठेवण्याचे आदेश दिले, आणि वेष्टणाच्या कामात त्यांना घेतल्यास तेच काम करणाऱ्या प्रौढाच्या किमान वेतनाच्या शेकडा साठ तरी मिळावे असे मत दिले. न्यायालयाचा हेतू दयेचा होता याविषयी शंका नाही. पण त्याच निवाड्यात कोवळे हात निवडण्या-भरण्याच्या कामास अधिक योग्य असतात असेही म्हटले आहे, आणि मग सामान्य वाचकाच्या मनात येते की, हात अधिक योग्य असतील तर मोबदला शेकडा चाळीसने कमी का?

या प्रश्नाला अर्थशास्त्रात एक जुने उत्तर आहे. सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याने १८९७ साली औद्योगिक लोकशाहीवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जो धंदा आपल्या कामकऱ्याला त्याच्या निर्वाहापुरतेही देत नाही आणि त्याची तूट दुसऱ्या कोणाच्या तरी मिळकतीतून भरून निघते म्हणूनच चालतो, तो धंदा परोपजीवी समजावा. पोराला रोजाचे शंभर रुपये कमी देणाऱ्या दुकानदाराच्या ध्यानात हे येत नाही की ते शंभर रुपये हवेत विरत नाहीत. त्या मुलाचे जेवण, कपडे, एस. टी. चे भाडे आणि आजारपण त्याची धुणीभांडी करणारी आई सोसते, आणि अशा रीतीने एक निर्धन बाई एका सधन दुकानाला दर दिवशी वर्गणी देत असते. ‘त्याचे घर काही त्याच्या पगारावर चालत नाही’ असे जेव्हा मालक म्हणतो तेव्हा तो नेमकी हीच गोष्ट कबूल करीत असतो. आपण दुकानातून साखर घेताना गिऱ्हाइकाच्या घरी किती माणसे आहेत यावरून भाव ठरत नाही. श्रम हीच एक वस्तू अशी आहे की विकणाऱ्याची गरज कमी आहे असे दाखवून तिचा भाव पाडता येतो. आणि गंमत अशी की विकणारा गरजू असला तर त्याच्या गरजेचा फायदा घेऊनही तो पाडता येतो! १९८२ साली एशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी दराने घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत असा जो निर्णय दिला, आणि पुढील वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात, हे मदतकार्य आहे म्हणून मजुरी कमी, हे सरकारचे म्हणणे झिडकारले, त्यामागे हेच तत्त्व आहे. दुष्काळात खडी फोडावयास लावून आपण उपकार केला असे जर सरकारला म्हणता येत नाही, तर वैशाखात बर्फ फोडावयास लावणाऱ्या दुकानदाराला तरी ते कसे म्हणता येईल?

२०१९ च्या वेतन संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, जुनी अनुसूचित धंद्यांची यादी काढून टाकून किमान वेतनाचा हक्क सर्व धंद्यांतील कामगारांस लागू केला, आणि दर ठरविताना कामगाराचे कौशल्य, भौगोलिक प्रदेश व कामाची कष्टप्रदता हे निकष सांगितले. असह्य उष्णतेत करावयाच्या कामाचाही त्यांत उल्लेख आहे, आणि मे महिन्यात ज्याने भटारखान्यात उभे राहून पाहिले आहे त्याला तो सार्थ वाटेल. पण या निकषांत वय नाही. किशोरांसाठी वेगळा दर ठरविण्याची १९४८ ची मुभा या संहितेत आलेली नाही. या संहितेच्या अन्य कित्येक गोष्टींविषयी कामगार संघटनांनी घेतलेले आक्षेप मला मान्य आहेत. हे गाळणे मात्र मी तिच्या जमेच्या बाजूस धरतो. उमेदवाराचा अपवाद तिने ठेविला आहे, परंतु तो १९६१ च्या उमेदवारी कायद्यान्वये रीतसर घेतलेल्या उमेदवाराचा. गल्ल्यामागे उभे करून ‘शिकतोय’ म्हटल्याने कोणी उमेदवार होत नाही. हक्क सोडून देण्याचा करार, मग तो मुलाने केलेला असो वा बापाने, त्या मर्यादेपर्यंत रद्द ठरतो. वेतन दिले हे शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि दाव्याची मुदत, जी पूर्वी सहा महिन्यांची होती, ती आता तीन वर्षांची आहे.

कराराची गोष्ट निघाली म्हणून मुंबई उच्च न्यायालयातील १९४९ सालचा एक निवाडा सांगतो, जो कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात आणि इतरांना ठाऊक नसतो. राज राणी नावाच्या एका अल्पवयीन मुलीस चित्रपटात काम देण्याचा करार प्रेम अदीब या निर्मात्याने तिच्या बापाशी केला. पुढे भूमिका दुसरीस दिली गेली आणि करार मोडला. मुलीने दावा लावला. न्यायालयाने ठरविले की अल्पवयीनाने सेवेचे दिलेले वचन कायद्याने बंधनकारक नसल्यामुळे ते मोबदला म्हणून चालत नाही, सबब करार बापाने केला म्हणा वा मुलीने केला म्हणा, तो निरर्थक होय. अल्पवयीनास सावकाराच्या कागदांपासून वाचविण्यासाठी निर्मिलेले तत्त्व येथे त्या अल्पवयीनाच्याच विरुद्ध ढाल म्हणून वापरले गेले. कराराच्या भरवशावर किशोराने राहू नये, हा यातील व्यावहारिक बोध आहे. किमान वेतन करारातून उद्भवत नाही. काम केले की ते कायद्याने आपोआप देय होते, आणि म्हणून अठरा वर्षे पुरी न झालेल्याच्या दृष्टीने तो साऱ्या करारांहून बळकट असा एकमेव आधार आहे.

‘घरच्यासारखा’ या दुसऱ्या कैफियतीला मात्र कायद्यानेच एक खिडकी उघडून दिली आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली तिने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या, धोक्याच्या नसलेल्या, धंद्यात मदत करण्याची सवलत ठेविली. आणि कुटुंब म्हणजे आईबाप व भावंडेच नव्हेत, तर चुलते, आत्या, मामा आणि मावश्याही, अशी व्याख्या केली. त्या धंद्यात बाहेरची पगारी माणसे असली तरी तो कौटुंबिकच राहतो. तेव्हा सुट्टीत मामाच्या गावाला जाण्याची आपली परंपरा आता राजपत्रित झाली आहे असे म्हणावयास हरकत नाही! भाच्याने मामाच्या वखारीत आठ दिवस हिशेब लिहिला म्हणून आकाश कोसळत नाही, हे मीही जाणतो. परंतु शेजारच्या टेबलावर पगारी वेटर ज्या ताटल्या उचलतो त्याच ताटल्या भाचा महिनाभर फुकट उचलीत असेल, तर ती मदत नसून एका वेटरच्या जागेची बचत आहे.

चौदा ते अठरा वर्षांच्या किशोरांबाबत त्याच कायद्याने तासांचे कडक नियम घातले आहेत, आणि ते येथे सांगणे अवश्य आहे, कारण मालकांना ते ठाऊक नसतात व पालकांनाही नसतात. सलग तीन तासांहून अधिक काम नाही; मग निदान एक तास विसावा; विसाव्यासह आणि कामाची वाट पाहत बसण्याच्या वेळेसह एकूण सहा तास; संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही; जादा काम मुळीच नाही; आठवड्यास एक सुट्टी; आणि या सर्वांची नोंदवही. यावरून रात्री साडेनऊच्या स्वागतसमारंभात वाढणारा प्रत्येक किशोर कायद्याच्या बाहेर उभा असतो, व आपण सुशिक्षित निमंत्रित त्याच्या हातून जिलबी घेत असतो. वेतनाच्या दृष्टीने येथे एक खरी अडचण उभी राहते. किमान दर बहुधा महिन्याचा वा दिवसाचा जाहीर होतो, आणि किशोराचा कायदेशीर दिवस मात्र प्रौढाच्या दिवसाहून लहान आहे. मालक म्हणणार, काम पाच तास तर दाम पाच तासांचे. हे म्हणणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटत नाही, पण मग तो दर तासाचा म्हणून स्वच्छ छापलेला असावा. ताशी दर ठरविण्याची सोय संहितेत आहेच. महाराष्ट्र सरकारने सुट्टीत चालणाऱ्या धंद्यांसाठी असे ताशी दर मराठीत प्रसिद्ध करून दर मार्च महिन्यात शाळांच्या फलकांवर लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन आक्षेप राहिले. पहिला असा की, पूर्ण दर द्यावा लागला तर मुलांना कोणी कामच देणार नाही. या वादावर अमेरिकेत पुष्कळ शाई सांडली आहे. १९९२ साली न्यू जर्सी संस्थानाने किमान दर सव्वाचारवरून पाच डॉलर पाच सेंटांवर नेला तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील व शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील चारशेवर खाद्यगृहांची, जेथे तरुण मुलेच फार, पाहणी केली, आणि रोजगार घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. त्यांच्या निष्कर्षाला न्यूमार्क व वॉशर या अन्य अर्थशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. दुसरा आक्षेप मला अधिक भारी वाटतो: चांगला रोज मिळू लागला तर मूल जूनमध्ये शाळेत परतणारच नाही. हे भय खरे आहे, आणि आपण सर्वांनी अशी मुले पाहिली आहेत. पण मूल कामाकडे ओढले जाते ते दोन बाजूंनी, घरच्या ओढग्रस्तीने आणि मालकाच्या सोयीने, आणि ते बापापेक्षा स्वस्त मिळते म्हणूनच मालक त्याला धरून ठेवतो. दोघांचा दर एक केला की स्वस्ताईचे ते कारण संपते, आणि जूनमध्ये त्या जागेवर एखादा प्रौढ बेकार उभा राहू शकतो. कमी दराने मुलाचे रक्षण झाल्याचे एकही उदाहरण इतिहासात मला सापडत नाही. कमी दराने प्रौढाची जागा गेल्याची उदाहरणे गिरण्यांच्या काळापासून आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र ज्या महाराष्ट्राला दिला, तेथे विद्यार्थ्याच्या श्रमाची लाज कोणालाही वाटू नये. माधुकरी मागून व वार लावून जेवून शिकलेल्यांच्या पिढ्या आपल्याकडे झाल्या. भाऊरावांनी त्या जागी कुदळ-फावडे ठेवून विद्यार्थ्याची मान ताठ केली. परंतु त्या मंत्रातील पहिला शब्द कमवा हा आहे. ज्या श्रमाचे दाम ठरलेले नाही, ज्याची नोंद कोठे नाही आणि जो देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो श्रम कमाईत जमा होत नाही. तो माधुकरीचाच नवा प्रकार होय, आणि जुन्या माधुकरीत निदान बारा तास उभे राहावे लागत नसे.

तेव्हा या सभेत जे दुकानदार, हॉटेलवाले, बागायतदार आणि लग्नाचे ठेकेदार आले असतील त्यांना, आणि ज्यांच्या घरी येत्या पंधरवड्यात लग्नकार्य आहे अशा यजमानांनाही, माझी विनंती आहे. धोक्याच्या कामावर मुलाला घेऊ नका. घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि तास वहीत लिहा. ‘जेवूनखाऊन’ ही तिसरी कैफियत पुढे न करता, जेवण दिले तर ते पाहुणचार म्हणून द्या, मजुरीतून वजा करू नका. १९४८ पासूनचा दंडक वेतन पैशांत देण्याचा आहे. दहा वर्षांवरील मुलास स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दिली आहे. पैसे त्या खात्यात भरा, बापाच्या हाती देऊ नका. काम संपले की हिशेब लांबवू नका, कारण काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सर्व वेतन चुकते झाले पाहिजे असा कायदा आहे. आणि पालकांनी, मूल काम सोडून घरी येईल त्या दिवशी, त्याला पहिला प्रश्न रोजाचा दर काय मिळाला हाच विचारावा. तो सरकारी दरापेक्षा कमी असेल तर श्रम आयुक्तांच्या कचेरीत अर्ज द्यावा. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.